शाळेला जाताना पोटात कळ येणाऱ्या पोरांचं समुपदेशन केंद्र, मिरज: पाचपैकी साडेतीन

आधी कामाचं सांगतो. केंद्र मिरजेत, स्टँडपासून चालत जाण्यासारखं, पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल. पहिल्या भेटीचे 800 रुपये, नंतर दर वेळी 600. पहिली भेट सव्वा तासाची, पुढच्या पाऊण-पाऊण तासाच्या. गुगल पे चालतं. पावती मागितली तर देतात, आपणहून नाही. सोमवारी बंद. शनिवार दुपारची वेळ हवी तर दोन आठवडे आधी फोन करावा लागतो. समुपदेशन करणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. झालेल्या आहेत आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक पाटीवर नावाखालीच लिहिलेला आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एक दिवस येतात, त्यांची फी वेगळी.

केंद्राचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी करणार आहे, माणसं कामाची आहेत, आणि पोरगी माझी आहे. तुमच्या गावाजवळ असं केंद्र असेल तर तिथं काय बघायचं, काय विचारायचं एवढं यातून कळलं तरी बास.

मी एसटीत वाहक. घर तासगाव तालुक्यात. पोरगी नववीत असताना हे सुरू झालं, आता दहावीत आहे. घरी तिला माऊ म्हणतात, इथंही तेच लिहितो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात परिपाठाला रांगेत उभी असताना तिला उलटी झाली. मैदानात, सगळ्या शाळेसमोर. पुढच्या दिवसापासून सकाळी नऊ वाजले की पोटात कळ. शाळा दहा-चाळीसची. साडेनऊला बाथरूमात, दहाला अंथरुणात, आणि शाळा भरून गेली की अकरा-साडेअकराला "आई, भूक लागली." रविवारी दिवसभर ठणठणीत. रविवारी संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेपासून तोंड उतरलेलं.

मग सल्ले. थोरल्या भावाचं मत, दोन ठेवून द्या. आत्याचं मत, दृष्ट काढा. काढली, त्यात कुणाचं काही गेलं नाही. मेव्हणा परस्पर तिला एका ठिकाणी घेऊन गेला, तिथं दहा बोटांचे ठसे घेतात आणि मेंदू कसा आहे ते सांगतात. साडेचार हजार घेतले, गुळगुळीत कागदावर रंगीत रिपोर्ट दिला, त्यात लिहिलं होतं की मुलीचा उजवा मेंदू चांगला आहे, इव्हेंट मॅनेजमेंटला जाईल. शाळेला कधी जाईल याबद्दल एक ओळ नाही. बोटाच्या ठशावरून बुद्धी मोजायच्या या प्रकाराला शास्त्राचा काडीचा आधार नाही, तरी तालुक्या-तालुक्याला त्याची दुकानं आहेत. तुम्हाला कुणी नेत असेल तर जाऊ नका.

कामाला आले ते आमचे फॅमिली डॉक्टर. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं त्यांनीच करून घेतलं. हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी नॉर्मल. मी म्हटलं, सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे दुर्बीण घालून बघू का? ते म्हणाले, "आता तपासण्या बंद. जितक्या कराल तितकं तिला वाटणार की पोटात काहीतरी आहे आणि ते सापडत नाही. दुखतं ते खरंच दुखतंय, नाटक नाही. पण सुरुवात भीतीतून आहे." आणि या केंद्राची चिठ्ठी दिली.

पहिल्या भेटीला आम्हा नवरा-बायकोला आत घेतलं, माऊ बाहेर. मॅडमनी "का जात नाही" हा प्रश्न विचारलाच नाही. विचारलं ते असं: "काल सकाळी सहा ते अकरा काय काय झालं, ओळीनं सांगा. कोण काय बोललं तेही सांगा." मंडळी सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. कितीला उठवलं, किती वेळा हाक मारली, डबा कधी भरला, रडणं कधी सुरू झालं, हार कुणी मानली आणि कितीला. मग आम्ही बाहेर आणि ती आत. दार लावायच्या आधी आम्हा तिघांसमोर स्पष्ट सांगितलं, "ती मला जे सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच सांगीन." फी आपण भरायची आणि आपल्यालाच सांगायचं नाही, हे ऐकून मला जरा लागलं. पण पोरगी त्या दिवशी आत पहिल्यांदा बोलली, ती या एका वाक्यामुळं, असं माझं मत आहे.

नंतर एक मराठीतली लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, एक तिच्याकडून, एक आमच्याकडून. शाळा टाळणारी सगळी पोरं एका कारणानं टाळत नाहीत, हे मला तिथं कळलं. काहींना शाळेत गेलं की जीवच घाबरा होतो. काहींना लोकांसमोर बोलणं, वाचणं, परीक्षा हे झेपत नाही. काहींना आईजवळ राहायचं असतं, बहुतेक घरात आजारपण किंवा भांडण असतं तेव्हा. आणि काहींना घरी मोबाईल आहे म्हणून घर बरं वाटतं. चौघांचा इलाज वेगळा. शिवाय मॅडमनी बाकीचंही खोदून विचारलं. कुणी त्रास देतं का, वाचताना अक्षरं अडतात का, पाळीच्या दिवसांत काय करते, शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे.

या शेवटच्या प्रश्नावर गाडं अडलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडीच नव्हती. उलटी होईल अशी भीती, आणि झाली तर जायचं कुठं, दार लागत नाही. पोरीनं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी तिची परवानगी घेऊन आम्हाला सांगितलं. मी मुख्याध्यापकांना भेटलो. ते म्हणाले, बजेट आलं की बघू. मी म्हटलं, बजेट राहू द्या, मला फक्त परवानगी द्या. रविवारी शिपायाकडून किल्ली घेतली आणि 60 रुपयांची कडी, चार स्क्रू, बसवून टाकली. दाराची फळी खालून कुजली होती म्हणून कडी नेहमीपेक्षा वीतभर वर लावावी लागली. केंद्राबद्दल माझं मत तिथं पक्कं झालं. मन मोकळं करा, सकारात्मक राहा असलं काही सांगण्याआधी त्यांनी दाराची कडी विचारली.

आता मुख्य काम. मॅडमनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. शाळा चुकली की तासाभरात पोट थांबतं, जीव हलका होतो. त्या सुटकेची सवय लागते. आणि मनाला खात्री पटते की शाळेत खरंच धोका होता, बरं झालं गेलो नाही. त्यामुळं दुसऱ्या दिवशी भीती जास्त. महिनाभर घरी बसलेलं पोर एकदम पूर्ण दिवस शाळेत बसू शकत नाही, आणि "बरी झाली की जाईल" म्हणून थांबलं तर बरी होतच नाही. मी विचारलं, मग उचलून नेऊन सोडू का? म्हणाल्या, "बाबा, उचलून नेलंत तर एक दिवस जाईल. घरी ठेवलंत तर एकही दिवस नाही. रोज तिला झेपेल त्याच्या जरासं पुढचं करायचं, आणि भीती उतरेपर्यंत तिथून निघायचं नाही."

तक्ता माऊनं स्वतः केला. माझ्याकडं जुने भाडेतक्ते पडलेले असतात, त्यातल्या एकाच्या पाठकोऱ्या बाजूवर स्केचपेननं रकाने आखले: टप्पा, ठिकाण, भीती दहापैकी किती. कंडक्टरची पोरगी, दुसरं काय करणार. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या गेटपर्यंत, 2. युनिफॉर्म घालून थांब्यापर्यंत, 3. शाळा चालू असताना गेट, 5. ग्रंथालयात एक तास, 6. वर्गात शेवटचे दोन तास, 7. मधल्या सुट्टीसह अर्धा दिवस, 8. पूर्ण दिवस, 8. परिपाठ, 10. त्याच्याखाली, "परिपाठात परत उलटी झाली तर", परत 10, आणि खाली दोन रेघा ओढलेल्या.

शेवटचे दोन तास आधी का, तर घरी जायची वेळ जवळ असते आणि सुटताना सगळ्या मुलींबरोबर बाहेर पडता येतं. कुणी विचारत नाही की तू मधेच कुठं चाललीस. हे मला सुचलं नसतं. एक टप्पा जमला की लगेच पुढचा नाही, भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तोच परत करायचा. ग्रंथालयात पहिल्या दिवशी अकराला 7 लिहिलेले आहेत, साडेअकराला 6, पावणेबाराला 3. पेन्सिलनं, बारीक. आकडा आपोआप खाली येतो, पळून न जाताही येतो, हे तिनं स्वतःच्या अक्षरात बघितलं.

स्कर्टच्या खिशात ती लिंबाची फोड आणि एक कॅरीबॅग ठेवायची. मॅडमनी सुरुवातीला ठेवू दिलं. पुढं म्हणाल्या, आता लिंबू घरी. मग काही आठवड्यांनी, आता पिशवी घरी. पिशवी असली की मन म्हणतं, पिशवी होती म्हणून वाचलो. त्या पिशवीवरून दोघींत बरीच घासाघीस झाली. दाराबाहेर ऐकू येत होतं, पण मी माझं काम नाही म्हणून गप्प बसलो.

आम्हाला जे गृहपाठ दिले ते पोरीपेक्षा अवघड होते. रात्री "उद्या जाशील ना गं?" विचारायचं नाही. सकाळी भाषण नाही, शपथा नाहीत, "मोबाईल घेऊन देतो" नाही, "तुझ्यामुळं आईचं बीपी वाढलं" तर नाहीच नाही. एकच वाक्य ठरवून दिलं आणि तेच, त्याच आवाजात म्हणायचं: "पोटात दुखतंय, कळतंय मला. बूट घाल, थांब्यापर्यंत जाऊ." दुखत नाही म्हणायचं नाही, आणि दुखतंय म्हणून थांबायचंही नाही. जो टप्पा ठरलाय तेवढाच. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर शाळेच्या वेळात घर शाळेसारखं ठेवायचं. टीव्ही बंद, मोबाईल नाही, लोळणं नाही, टेबलावर वह्या. राग धरून नव्हे. पाच वाजले की सगळं पुन्हा नेहमीसारखं, वरून टोमणा नाही.

आमच्या घरात हे फुटायचं ते आजीच्या खोलीत. आई माझी, नातीवर जीव. बारा वाजता हळूच आपला मोबाईल तिच्या हातात, आणि दर दहा मिनिटाला "दुखतंय का गं बाळा अजून?" मॅडम म्हणाल्या, आजींना घेऊन या. आजी म्हणाली, मला काय वेड लागलंय का तिथं यायला. आली शेवटी, रागानं, डोक्यावर पदर घेऊन. मॅडमनी तिला आजी म्हणून नमस्कार केला, आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग एक काम दिलं. "आजी, नऊ ते दहा तुम्ही सोप्यात बसायचं, वाती वळायच्या. पोटाचं विचारायचं नाही. ती निघाली की फक्त म्हणायचं, ये जाऊन." आजीला काम मिळालं की आजी खूश. तेव्हापासून आमच्याकडं दोन वर्षं पुरतील एवढ्या वाती झाल्यात.

माझी सकाळ मोकळी असल्याशिवाय हे जमणार नव्हतं. मंडळी अंगणवाडीत सेविका, तिला वेळ चुकवून चालत नाही. मी कंट्रोलरना खरं तेच सांगितलं आणि सकाळची ड्युटी बदलून दुपारची घेतली, मुक्कामाची गाडी सहकाऱ्यानं घेतली. ज्यांना असं बदलून मिळत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्यांचं उत्तर, सकाळी सोडायला आई-बापच पाहिजेत असं नाही, काका, शेजारच्या काकू, कुणीही चालेल, फक्त माणूस शांत पाहिजे आणि रोज तोच पाहिजे.

शाळेसाठी त्यांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं. पत्रात रोगाचं नाव नाही, फक्त काय लागेल ते. दाराजवळची जागा. पाच मिनिटं बाहेर जाऊन यायला एक पिवळं कार्ड, दाखवलं की प्रश्न न विचारता सोडायचं. अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचं नाही, आदल्या दिवशी सांगून चालेल. एक ठरलेलं माणूस, गेटवर आल्यावर जिच्याकडं जायचं. ग्रंथालयाच्या बाई त्यासाठी तयार झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, अशा सवलती सगळ्यांनीच मागितल्या तर? मॅडमनी वर्गशिक्षिकेशी फोनवर दहा मिनिटं बोलून घेतलं, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. कार्ड पोरीनं अगदी थोड्या वेळा वापरलं. खिशात आहे एवढंच पुष्कळ होतं.

जानेवारीत माऊची झोप मोडली तेव्हा मॅडमनी स्वतःच सांगितलं की आता डॉक्टरांना दाखवू. डॉक्टरांनी कमी डोसची एक गोळी सुरू केली. दोन गोष्टी त्यांनी नीट बसवून सांगितल्या. ही झोपेची गोळी नाही, गुण यायला काही आठवडे लागतात. आणि सुरुवातीच्या दिवसांत जास्त अस्वस्थ झाली, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलली तर लगेच फोन करायचा. मनानं गोळी बंद करायची नाही. तुमच्या पोराला गोळी लागेल की नाही ते डॉक्टरच ठरवतील. इथं दबाव नव्हता एवढं मी सांगू शकतो.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

बसायच्या जागेत समोरच्या भिंतीवर दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो. 96 टक्के, 98 टक्के, हसऱ्या पोरी, गळ्यात हार. त्याच हॉलमध्ये करिअर मार्गदर्शनाचं दुसरं काउंटर चालतं, त्यांचे ते. शाळेचं नाव काढलं की जिला मळमळतं त्या पोरीला अर्धा-अर्धा तास त्या भिंतीसमोर बसवायचं, हे कुणाला कसं सुचत नाही? माऊ खुर्ची फिरवून जिन्याकडं तोंड करून बसायची.

रिसेप्शनवरच्या ताईंचा आवाज खणखणीत. "ते शाळेला न जाणाऱ्या मुलीचे पालक आलेत का?" असं पूर्ण हॉलला विचारलं. मी मॅडमच्या कानावर घातलं, त्यानंतर नावानं हाक मारायला लागले. पण हे पालकानं सांगायची वेळ का यावी?

वेळ पाळत नाहीत. चारची वेळ पावणेपाचला होते. आम्हाला परतीची गाडी असते, आणि ती कुणासाठी थांबत नाही, हे माझ्याइतकं कोण जाणतं. उलट आम्ही वेळ चुकवली तर निम्मी फी कापतात. एकदा ऐन वेळी माझी ड्युटी लागली, 300 गेले. नियम असू द्या, पण दोन्ही बाजूंना असू द्या.

रोज सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर सुविचार येतो, सूर्योदयाच्या फोटोसकट. फोन मात्र सकाळी अकराशिवाय उचलत नाहीत. ज्या पोरांचं सगळं सात ते दहाच्या मध्ये बिघडतं, त्यांच्यासाठीच्या केंद्राचा फोन अकराला सुरू होतो.

यावर आम्ही वाट काढली ती 14416 ची. टेलिमानस, केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू केलेली मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलतात. एका सकाळी मंडळीनंच लावला, पोरगी बाथरूममध्ये कडी लावून बसलेली. पलीकडच्या बाईंनी आधी मंडळीला श्वास घ्यायला लावला, सावकाश सोडायला लावला, आणि मग दाराबाहेर बसून काय बोलायचं, काय नाही ते सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत हिचा आवाज ताळ्यावर आला. टप्प्याटप्प्यानं चालणारं महिनोन्‌महिन्यांचं काम फोनवर होत नाही, त्याला माणूस समोर लागतो. पण भर सकाळी आईला कुणीतरी हवं असतं, त्यासाठी नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

खर्चाचंही बोलायला पाहिजे. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्याला. 600 रुपये, वर जाण्या-येण्याचं. मंडळीला आणि माऊला एसटीत अर्धं तिकीट असल्यानं तेवढं वाचतं. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात जावं, तिथं केसपेपरवर काम होतं, रांगेची तयारी ठेवायची.

मेव्हण्यानं मधे एक पिल्लू सोडलं होतं: शाळाच सोडवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. मॅडमनी त्याला नाही म्हटलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा वर्षं पूर्ण झालेल्याला दहावी करता येते आणि पाच वर्षांत विषय सुटे सुटे काढता येतात. काही पोरांसाठी तोच रस्ता बरोबर असतो, विशेषतः शाळेत खरंच छळ होत असेल तर. पण रोज सकाळी रडारड चालू असताना "नाहीतर फॉर्म भरू" असं म्हणायचं नाही, म्हणाल्या. पोराचं लक्ष टप्प्यावरून उडून फॉर्मवर बसतं. माझ्या डोक्यात हजेरीची काळजी होती, तिला हे उत्तर मला पटलं; दहावीला नियमित विद्यार्थ्याची 75 टक्के हजेरी लागते हे मुख्याध्यापक मला दर भेटीत ऐकवायचे.

आत्ता काय आहे? बहुतेक दिवस पूर्ण शाळा. सोमवार अजून जड. मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये गाडी परत मागं गेली. मॅडमनी मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं की प्रत्येक लांब सुट्टीनंतर असं होणार, तक्ता टाकून देऊ नका. म्हणून मे अखेरीला दोघं बाप-लेक संध्याकाळी शाळेपर्यंत फिरून यायचो, तरी पहिले काही दिवस ग्रंथालयापासून सुरुवात करावी लागली. या खेपेला लवकर आटपलं. परिपाठाला ती शेवटच्या रांगेत, नळाच्या बाजूला उभी राहते. तिथला आकडा अजून 5 च्या खाली आलेला नाही. मोठ्यानं वाचणं अजून नाही. मराठीच्या बाईंनी तोंडी परीक्षा वर्गाऐवजी स्टाफरूममध्ये घेतली.

मॅडमच्या कामाला पाच, केंद्राच्या व्यवस्थेला दोन, मिळून साडेतीन. ज्या घरातून एकतरी माणूस रोज सकाळचा तासभर देऊ शकतो त्यांनी नक्की जावं. पोराला आत सोडून आपण खाली चहा प्यायला जाऊ, तासाभरानं दुरुस्त होऊन मिळेल, असं ज्यांना वाटतं त्यांचे पैसे वाया जातील, कारण इथं निम्मं काम आई-बापाकडून करून घेतात.

दुसऱ्या गावात असं कुणी शोधत असाल तर फोनवरच चार गोष्टी विचारा. आरसीआय नोंदणी आहे का. आई-बापाबरोबर वेगळं बसता का. शाळेशी स्वतः बोलाल का. सकाळी नऊला फोन उचलाल का. शेवटच्याला बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील, ते चालवून घ्या. बाकीच्या तिन्हींना होय पाहिजे. आणि "तीन सिटिंगमध्ये पोर शाळेत, गॅरंटी" असं कुणी म्हणालं तर पत्ता लिहून घ्यायच्या आधी फोन ठेवा.